प्रत्यर्पण: शेवटची सही मंत्र्याची की कोर्टाची?

प्रत्यर्पण कायद्यातल्या सुधारणांवर मत नोंदवायला बसलात की गाडी एकाच प्रश्नाशी अडते. दुसऱ्या देशाने मागितलेला आरोपी ‘पाठवता येईल’ असं कोर्टाने म्हटल्यावर त्याला पाठवायचं की नाही, हे कोणी ठरवायचं?

मंत्र्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. आपल्या १९६२ च्या कायद्यात दंडाधिकारी चौकशी करून अहवाल देतो, निर्णय केंद्र सरकारचा. मागणी क्षुल्लक किंवा राजकीय हेतूची वाटली, तर कलम २९ खाली सरकार माणसाला सोडू शकतं. ब्रिटनमध्ये अमेरिकी लष्कराचे संगणक हॅक केल्याचा आरोप असलेला गॅरी मॅकिनन कोर्टात हरत आला होता. २०१२ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी त्याची अमेरिकेला होणारी रवानगी थांबवली. मंत्र्याच्या हाती असलेली ही जागा मला आजही मोलाची वाटते.

माझं मत फिरलं ते एका फाइलमुळे. ज्युनिअर असताना एका अशिलासाठी मी केंद्रीय मंत्रालयात निवेदन दिलं होतं. डॉक्टरांचे दाखले, तुरुंगांच्या स्थितीचे अहवाल, पानापानावर नंबर. पोचेवर गोल शिक्का मिळाला. मग दर सोमवारी फोन आणि उत्तर एकच: ‘फाइल वर गेलीय.’ संध्याकाळी अशिलाची बायको विचारायची, वर म्हणजे कुणाकडे? मला सांगता यायचं नाही. शेवटी तीन ओळींचा आदेश आला: निवेदन विचारात घेतलं, मान्य करता येत नाही. कोर्टाचा निकालही विरोधातच गेला होता, पण आमचा मुद्दा कुठे पडला ते त्यातलं पान उघडून तिला दाखवता आलं होतं.

युरोपीय अटक वॉरंटात, म्हणजे युरोपीय संघातले देश एकमेकांकडे आरोपी सोपवतात त्या पद्धतीत, मंत्री नाहीच. कोर्टाचा निर्णय साधारण ६० दिवसांत, संमती असेल तर १०. पण ते सदस्य देशांच्या आपसातल्या विश्वासावर चालतं. अबू सालेमला पोर्तुगालकडून ताब्यात मिळवताना त्याला २५ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होणार नाही ही हमी पोर्तुगालला भारत सरकारनेच दिली होती, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तिची आठवण करून दिली. असा शब्द सरकारनेच द्यायचा असतो.

म्हणून मला ब्रिटनची २०१३ नंतरची रीत जवळची वाटते. मानवी हक्कांचा प्रश्न कोर्टाकडे. मंत्र्याकडे फाशीची शक्यता आहे का, मागणीबाहेरच्या गुन्ह्यावर खटला चालेल का, असे मोजके प्रश्न आणि दोन महिन्यांची मुदत, फार तर कोर्टाकडून वाढवून घेतलेली. मल्ल्यांच्या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टाचा निर्णय आला, फेब्रुवारी २०१९ मध्ये मंत्र्याची सही. पुढे ते रेंगाळलं, हे मान्य. तुमचा कल मंत्र्याकडेच असेल तर निदान एक दुरुस्ती सुचवा: आदेशासोबत लेखी कारणं, मुद्द्यागणिक.