घरगुती रेकॉर्डिंगचा पहिला माइक: सोलापूरच्या खोलीत एसएम५८ की एटी२०२०?

घरी भजन किंवा भावगीत रेकॉर्ड करायचं ठरलं की नवखा माणूस आधी कंडेन्सर माइक (विजेवर चालणारा, बारीक आवाजही टिपणारा) मागवतो, कारण सगळ्या व्हिडिओंत तोच दिसतो. सोलापुरातल्या बहुतेक घरांत तो पहिला माइक म्हणून घेऊ नये. खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, डोक्यावर पंखा, आणि पूर्व भागात घर असेल तर शेजारच्या यंत्रमागांची खटखट. कंडेन्सर यातलं काहीच सोडत नाही.

१९६६ पासून चालत आलेला शुअर एसएम५८ हा डायनॅमिक (वीज न लागणारा, कमी संवेदनशील) माइक इथे जास्त उपयोगी पडतो. डायनॅमिकला खोली कमी ऐकू येते असं म्हणतात, पण खरा फरक अंतराचा आहे. एसएम५८ ओठांपासून ५ सेंमीवर चालतो, कारण जाळीच्या आतला स्पंज प, फ, भ यांची फुंकर बऱ्यापैकी अडवतो. त्याच किमतीच्या आसपास मिळणारा ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा कंडेन्सर फुंकर अडवणारा फिल्टर लावून साधारण २० सेंमीवर ठेवावा लागतो. अंतर चौथ्या हिश्श्यावर आलं की गायकाचा आवाज खोलीच्या घुमाऱ्यापेक्षा १२ डेसिबलने वर येतो. इतका फायदा कुठल्याही सॉफ्टवेअरमधून नंतर मिळत नाही. जवळून गाताना खर्ज फुगतो. तो १५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवला की पुरे.

एसएम५८ ची उणीव मात्र मोठी आहे. त्याचा सिग्नल फार बारीक. सारख्याच आवाजाला तो १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर एटी२०२० सुमारे १४, म्हणजे साडेसात पट. मोकळ्या गळ्याने अभंग म्हणणाऱ्याला ही अडचण येत नाही. अंगाई किंवा हळुवार गझल गायची असेल, तर फोकसराइट स्कार्लेट सोलो या इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) चौथ्या पिढीतल्या ५७ डेसिबल गेनचं, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं, बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि मागे हिस (सूं-सूं आवाज) ऐकू येऊ लागतो. त्याच पिढीचा स्कार्लेट टू-आय-टू ६९ डेसिबल गेन देतो. त्यात माइकची दोन इनपुटं असल्याने पेटीसाठी दुसरा माइक लावता येतो, म्हणून थोडे पैसे जास्त घालून तोच घ्यावा. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि सर्वांत मोठी तान उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

एटी२०२० वाईट नाही. पेटी आणि तानपुऱ्याची वरची झळाळी एसएम५८ मध्ये येत नाही, कारण तो १५,००० हर्ट्झपर्यंतच पोहोचतो; एटी२०२० २०,००० पर्यंत जातो. तो पेटीच्या वर ३० ते ४० सेंमीवर, भात्याचा वारा आणि पट्ट्यांची टकटक यांपासून थोडा बाजूला ठेवावा. त्याला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (इंटरफेसकडून केबलवाटे मिळणारी वीज) लागते. ती चालू करताना आवाज पूर्ण खाली आणा, नाहीतर हेडफोनमध्ये जोराचा फट्कन आवाज येतो. रोड कंपनीच्या पाचव्या पिढीतल्या एनटी१ या कंडेन्सरचा स्वतःचा आवाज अवघा ४ डेसिबल आहे, एटी२०२० चा २०. पण शेजारी माग चालू असतील तर या शांततेसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात.

थेट लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी माइकपैकी सॅमसन क्यू२यू घ्यावा. तो डायनॅमिक आहे आणि त्याला एक्सएलआर (इंटरफेसला लागणारी तीन पिनांची) जोडणीही आहे, त्यामुळे पुढे इंटरफेस घेतल्यावर तो अडगळीत पडत नाही. दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपवर एकत्र चालवायचा विचार मात्र सोडून द्या.

खोलीसाठी घरातलीच सोलापुरी चादर वापरा, पण जागा नीट निवडा. बहुतेक जण ती माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड माइक (वरचे सगळे त्याच प्रकारचे) समोरचं ऐकतो, म्हणून चादर गायकाच्या पाठीमागे हवी: दुहेरी, भिंतीपासून १० सेंमी सोडून. ती फक्त वरच्या पट्टीचा घुमारा शोषते. खालच्या घुमाऱ्यासाठी कोपऱ्यात कापसाची गादी उभी करा. मागांची धमक फरशीतून स्टँडवर चढते. पायांखाली जाड घडी घाला आणि ८० हर्ट्झखालचं कापून टाका. मे महिन्यात पंख्याशिवाय बसवत नाही हे खरं, पण टेक घेताना तो बंदच हवा. कूलर तर खोलीबाहेर.

रेकॉर्डिंगमध्ये सतत घुं ऐकू येत असेल तर माइकला दोष देण्याआधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घुं गेली तर दोष अर्थिंगचा.

एसएम५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत. खऱ्या माइकचं वजन २९८ ग्रॅम असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो बराच हलका भरला तर परत करा. एलसी लिहिलेल्या खोक्यात केबल नसते, ती वेगळी घ्यावी लागते. मागांजवळच्या घरांत कापसाची तूस जाळीत बसते आणि आवाज बोथट होतो. जाळी फिरवून काढा, आतल्या स्पंजासकट साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. कंडेन्सरची जाळी अशी धुता येत नाही, म्हणून तो वापरून झाला की लगेच पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.