पीएफटी करायची की पीक फ्लो मीटर आणायचं?

आईला रात्रीचा खोकला, जिना चढला की धाप, डॉक्टर म्हणाले पीएफटी, म्हणजे फुफ्फुसं कशी चालतात ती तपासणी, करून घ्या. मला वाटलं एवढं कशाला, मेडिकलमधून ते फुंकायचं मीटर आणू, स्वस्तात काम होईल. पण दोन्हीचं काम वेगळंय.

मीटर एकच गोष्ट सांगतं, हवा जास्तीत जास्त किती जोरात बाहेर पडली, लिटर पर मिनिटमध्ये. पीएफटीतली स्पायरोमेट्री पहिल्या सेकंदात किती हवा निघाली ते एफईव्ही१ आणि एकूण किती निघाली ते एफव्हीसी मोजते, आणि सगळी मेख या दोघांच्या रेशोत आहे. पंप (श्वासनळ्या मोकळ्या करणारं इनहेलरचं औषध) दिल्यावरही रेशो ०.७० च्या खाली राहिला आणि लक्षणंही तशीच असली तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायम अरुंद राहण्याचा आजार, धरतात. रेशो नीट पण एफव्हीसीच कमी, तर फुफ्फुसं आक्रसल्याची शंका, मग पुढच्या तपासण्या. हे मीटरला कळणारच नाही.

पंप दिल्यावर साधारण १५ मिनिटांनी परत फुंकवतात. आधी एफईव्ही१ किंवा एफव्हीसीत १२ टक्के आणि २०० मिली वाढ बघायचे, २०२१ पासून नव्या नियमात प्रेडिक्टेडच्या (त्या माणसाला अपेक्षित आकड्याच्या) १० टक्क्यांहून जास्त वाढ बघतात, त्यामुळे जुना न् नवा रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका. हां, उंची मोजून घ्यायला लावा! आमच्याकडे नुसती विचारून लिहिली, आणि प्रेडिक्टेड आकडा वय, उंची, बाई की पुरुष यावरूनच निघतो, म्हणजे टक्केवारी सगळी गंडली.

मग मीटर कशाला? तर दमा रोज बदलतो, टेस्टच्या दिवशी पेशंट ठणठणीत असला की पीएफटी चक्क नॉर्मल येऊ शकते. तिथे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, असे दोन आठवडे, चढउतार आपोआप दिसतो. नंतर स्वतःच्या बेस्टच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० पिवळा, त्याखाली लाल, लालमध्ये गेलं की वाट न बघता दवाखाना गाठायचा.

म्हणून निदान व्हायचं असेल किंवा सिगारेट, चुलीचा धूर अशी पार्श्वभूमी असेल तर आधी पीएफटीच. दमा पक्का झालाय आणि अधूनमधून बिघडतो, तर मीटर घ्या. आणि टेस्टला जाताना पंप किती तास आधी बंद ठेवायचा ते विचारा, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक झाला असेल तर फुंकायच्या आधीच सांगा.