फुफ्फुसाच्या कॅन्सरला दुसऱ्यांदा रेडिएशन : पुण्यातल्या एका सेंटरचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आप्पांना पहिल्या वेळी केमोसोबत ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) झालं होतं, ३० सिटिंग. पुढे पेट (PET) स्कॅनला, म्हणजे कॅन्सरची जागा चमकून दिसते त्या स्कॅनला, त्याच फुफ्फुसात परत काहीतरी दिसलं आणि जो तो सांगायला लागला की एकदा रेडिएशन घेतलेल्या जागी परत देतच नाहीत. देतात, पण सगळ्यांना नाही.

इथल्या डॉक्टरांचं आवडलं ते हे की लगेच मशीनवर झोपवलं नाही. आधी बायोप्सी करा म्हणाले, कारण जुन्या रेडिएशनने सुजलेला भागसुद्धा पेटवर चमकतो. मग फुंकर मारायची ती फुफ्फुसाची टेस्ट, आणि मग पहिल्या रेडिएशनचा जुना प्लॅन मागितला. डिस्चार्ज कार्ड चालत नाही बरं का, डायकॉम फाईलवाली (स्कॅन आणि डोसचा प्लॅन कॉम्प्युटरवर उघडता येतो ती) सीडीच लागते, कारण मज्जारज्जू, अन्ननलिका, हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या यांना तेव्हा किती डोस गेला आणि आता किती जाईल याची बेरीज फिजिसिस्ट, म्हणजे रेडिएशनच्या डोसचं गणित बघणारा माणूस, करतो. मज्जारज्जूला एका वेळच्या ट्रीटमेंटमध्येच साधारण ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जायला डॉक्टर बिचकतात. पहिल्या हॉस्पिटलने ती सीडी द्यायला जाम फिरवलं, "रेकॉर्ड रूमला विचारा" एवढंच. ज्यांची ट्रीटमेंट आत्ता चालू आहे त्यांनी शेवटच्या सिटिंगलाच सीडी मागून घ्या.

आप्पांची गाठ कडेला होती म्हणून एसबीआरटी जमलं, म्हणजे नेमका गाठीवर नेम धरून मोजकीच सिटिंग पण दर वेळी डोस मोठा. गाठ मधोमध, श्वासनलिकेला नाहीतर मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असती तर रक्तस्रावाचा धोका होता, जीवावर बेतू शकतं, हे आप्पांसमोरच सांगितलं. मला तेव्हा राग आला, आप्पांना नाही आला. प्लॅनिंगला ४डी सीटी, म्हणजे श्वासाबरोबर गाठ किती हलते ते बघतात, आणि रोज मशीनवरच आधी छोटा सीटी काढून जागा जुळवतात. टेक्निशियन पोरं एकदम गोड, "आजोबा हात वर, हलायचं नाही हं" करत करत काम उरकायची.

एक स्टार कापला तो बाकीच्या कारभाराचा. दिलेली वेळ फक्त कागदावर, वेटिंगला एसी इतका गार की आप्पा मफलर गुंडाळून बसायचे, आणि महात्मा फुले योजनेबद्दल दोन काउंटरवर दोन उत्तरं.

सध्या थोडा खोकला आणि थकवा आहे. नंतर काही महिन्यांनीसुद्धा ताप किंवा धाप लागली तर घरी सर्दीचं औषध देत बसू नका, फुफ्फुसाला सूज असू शकते, सरळ घेऊन या असं बजावलंय आणि त्यासाठी डायरेक्ट नंबर दिलाय, तो उचलतातही. पार्किंग नाहीच, रिक्षाने जा.