टोकियोत मुलांची शाळा: जपानी सरकारी, भारतीय की इंटरनॅशनल?

जानेवारी-फेब्रुवारी आला की टोकियोला येणाऱ्या मराठी कुटुंबांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो, घर निशिकासाईला (एदोगावा वॉर्डातली आपली भारतीय वस्ती) बघतोय, मुलांना कुठल्या शाळेत घालू? दरवेळी तासभर बोलणं होतं म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते. आमच्या घरात यातले दोन पर्याय गेली सात वर्षं शेजारी शेजारी चालू आहेत. आलो तेव्हा मुलगा पुण्यात चौथी संपवून आला होता आणि मुलगी नुकतीच सहाची झाली होती. मुलगा आज भारतीय शाळेत बारावीला आहे, मुलगी जपानी सरकारी मिडल स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या आठवीला. एकाच घरातली दोन मुलं, पण त्यांचे मार्ग इतके वेगळे झालेत की आता मागे वळून बघताना कळतं, शाळा निवडताना आम्ही नक्की काय निवडत होतो ते.

सगळ्यात आधी ऑफर लेटर उघडा. कंपनी तुम्हाला डेप्युटेशनवर पाठवतेय आणि शाळेची फी देतेय, की तुम्ही इथल्या कंपनीत लोकल पगारावर येताय? फी कंपनी देणार असेल तर किती वर्षं देणार आणि दोन्ही मुलांची देणार का हे लेखी घ्या. पाश्चात्त्य इंटरनॅशनल शाळा हा पर्याय खरं तर इथेच निकालात निघतो. चोफूची अमेरिकन स्कूल इन जपान (१९०२ सालची, फार जुनी), ब्रिटिश स्कूल इन टोकियो (१९८९), अशा शाळांची फी वर्षाला पंचवीस-तीस लाख येन आणि त्याच्या वर जाते, म्हणजे एका मुलाचे पंधरा लाख रुपये सहज, वर प्रवेशाचे पैसे, बस, ट्रिपा वेगळ्या. कॅम्पस सुंदर, ग्राउंड मोठी, शिकवणं छान, पुढे अमेरिका-इंग्लंड-कॅनडाला कॉलेजला जायचं नक्की असेल किंवा दर तीन वर्षांनी देश बदलणारी नोकरी असेल तर हाच मार्ग सरळ आहे, कारण आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा ब्रिटिश अभ्यासक्रम पुढच्या देशातही तसाच चालू राहतो. पण पगारातून भरायची असेल तर नका ओढाताण करू, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं दोन वर्षं ओढलं आणि तिसऱ्या वर्षी मुलीला मैत्रिणींपासून तोडून शाळा बदलावी लागली, ते तिला फार लागलं.

म्हणजे बहुतेकांसाठी खरी निवड दोघांतच उरते, भारतीय शाळा की जपानी सरकारी.

भारतीय शाळांचं आधी सांगते. २००० च्या आसपास आयटीवाले इथे मोठ्या संख्येनं यायला लागले, तोझाई मेट्रो लाइनवरून ऑफिसला जायला सोपं म्हणून निशिकासाईत स्थिरावले आणि मग मुलांच्या शाळेचा प्रश्न आला. २००४ मध्ये कोतो वॉर्डात इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान निघाली, २००६ मध्ये ग्लोबल इंडियन. तिथे फक्त आपलीच मुलं असतील असं समजू नका, इंग्रजी आणि भारतीय गणितासाठी जपानी पालकही मुलं घालतात. फी पाश्चात्त्य शाळांच्या साधारण निम्मी किंवा त्याहून कमी, तरी दोन मुलं म्हटली की घरभाड्याच्या बरोबरीनं विचार करावा लागतो. शाळांची बस असते. अभ्यासक्रम कुठल्या इयत्तेला कुठला चालतो हे मात्र प्रत्येक शाळेला स्पष्ट विचारा, कारण 'भारतीय शाळा' म्हणजे सगळीकडे सगळ्या इयत्तांना सीबीएसईच असेल असं नाही, काही ठिकाणी केंब्रिज किंवा आयबीचेही वर्ग असतात आणि अर्धवट माहितीवर प्रवेश घेतला तर आठवी-नववीत गोंधळ होतो.

या शाळेचा मोठा फायदा म्हणजे परतीचा रस्ता उघडा राहतो. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, जपानमधलंही एप्रिललाच, पुण्या-मुंबईतल्या सीबीएसई शाळांचंही तेच, त्यामुळे मार्चमध्ये सामान बांधून एप्रिलला तिकडच्या वर्गात बसता येतं. तोटा असा की मूल जपानमध्ये राहतं आणि जपानमध्ये राहत नाही. माझा मुलगा सात वर्षं इथे आहे, कॉम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, स्टेशनवर व्यवस्थित बोलतो, पण शेजारच्या मुलाशी मनातलं बोलण्याइतकं जपानी त्याला येत नाही. मित्र सगळे शाळेतले, त्यातले निम्मे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात कारण त्यांच्या वडिलांचा प्रोजेक्ट संपतो. सातवीत असताना एका मार्चमध्ये त्याचे दोन जवळचे मित्र एकाच आठवड्यात बंगळूर आणि सिंगापूरला गेले. हा भाग शाळेच्या माहितीपत्रकात नसतो.

आता जपानी सरकारी शाळा. इथे जास्त थांबते कारण याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत.

ट्यूशन फी नाही, पुस्तकं फुकट, टोकियोच्या वॉर्डांत आता दुपारचं जेवणही फुकट. खर्च येतो तो पाठीवरच्या त्या चौकोनी दप्तराचा, रान्दोसेरु, ते नवीन घेतलं तर पन्नास-साठ हजार येनला जातं पण सहा वर्षं टिकतं, आणि जिमचे कपडे, रंगपेटी, बासरीसारखी छोटी छोटी सामग्री. परदेशी मुलांना शाळेची कायद्यानं सक्ती नाही, पण वॉर्ड ऑफिसात अर्ज केला की जपानी मुलांसारखाच फुकट प्रवेश मिळतो. एक एप्रिलपर्यंत सहा पूर्ण झालेलं मूल पहिलीत जातं. मुलं चालत जातात, पहिलीतलीसुद्धा, आईवडील फाटकापर्यंत सोडायला येत नाहीत. वर्ग मुलंच झाडतात-पुसतात, जेवण मुलंच पांढरे कोट घालून वाढतात. माझी मुलगी पहिलीत असताना घरी येऊन ताट स्वतः विसळायला लागली, ते मी शिकवलेलं नव्हतं.

जेवणाचं मात्र आधी ठरवा. महिन्याचा मेनू घटकांसकट आधी हातात मिळतो, त्यात पोर्क वरचेवर असतं, कधी बीफही, आणि शुद्ध शाकाहारी घर असेल तर सूपमध्ये माशाचा दाशी, म्हणजे अर्क, जवळजवळ रोजच. आम्ही चिकन-मासे खातो त्यामुळे बीफ-पोर्कच्या दिवशी फक्त डबा द्यायचो, शिक्षिकेला तसं लिहून दिलं होतं आणि तिनं सहा वर्षं एकदाही कुरकुर केली नाही. शाकाहारी मैत्रिणी रोज डबा देतात, तेही चालतं, पण सगळा वर्ग एकसारखं खातोय आणि आपलं मूल वेगळं, हे काही मुलांना जड जातं.

आणि कागद! दप्तरातून रोज दोन-तीन जपानी कागद येतात, उद्या काय आणायचं, कधी लवकर सुटणार, पीटीएची मीटिंग. मोबाइलनं भाषांतर करून वाचायची सवय लागते, पण पहिलं वर्ष दमवणारं असतं, आणि हे काम घरात कोण करणार हे नवरा-बायकोनं आधीच बोलून घ्या, नाहीतर ते एकाच्याच अंगावर पडतं. दोघं नोकरी करत असाल तर शाळेनंतरचा प्रश्न एदोगावा वॉर्डात बराच सुटतो, प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत सुकुसुकु स्कूल नावाची सोय आहे.

पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कांजीचा, म्हणजे जपानी लिपीतल्या चित्राक्षरांचा, आणि इथे आकडे बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. पहिलीत ८० कांजी, दुसरीत १६०, तिसरीत २००, चौथीत २०२, पाचवीत १९३, सहावीत १९१, असे प्राथमिकचे एकूण १०२६. म्हणजे पहिलीत घातलेलं मूल सगळ्यांबरोबर शून्यापासून सुरू करतं, तिसरीत घातलेलं २४० मागे असतं आणि पाचवीत घातलेलं ६४२ मागे. आमच्या मुलाचं हेच झालं. त्यालाही आम्ही आधी जपानी शाळेतच घातलं होतं, पाचवीत, सगळे म्हणाले मुलं पटकन शिकतात. गणितात तो वर्गाच्या पुढे होता पण शाब्दिक उदाहरण वाचताच यायचं नाही, समाजशास्त्र आणि विज्ञानाच्या तासाला नुसता बसून राहायचा. शिक्षक मनापासून झटत होते, आठवड्यातून दोनदा भाषेसाठी वेगळं कुणी यायचं, पण दहा वर्षांचा बडबड्या मुलगा जुलैपर्यंत घरीसुद्धा गप्प झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्याला भारतीय शाळेत हलवलं. ते चार महिने त्याचे परत देता येत नाहीत, ते मला आजही डाचतं.

मुलीचं नेमकं उलट. पहिले तीन महिने रडली, ऑक्टोबरपर्यंत मैत्रिणी घरी यायला लागल्या, दुसरीत तिचे कुकु, म्हणजे त्यांचे पाढे, सुरू झाले. नि इचि गा नि, नि निन गा शि, असं घरभर म्हणत फिरायची आणि व्हिडिओ कॉलवर साताऱ्याची आजी तिला बे एके बे, बे दुणे चार म्हणून दाखवायची. दोन्ही चाली तिला पाठ आहेत. फरक एवढाच की जपानी पाढे नवापर्यंत थांबतात आणि आजी तीसपर्यंत नेते.

मग जपानी शाळाच चांगली का? तसंही नाही. आज मुलगी आठवीत आहे आणि आमच्यापुढे प्रश्न उभा आहे. पुढच्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे आपल्या नववीच्या शेवटी, हायस्कूलची प्रवेश परीक्षा. त्यासाठी वर्गातली बहुतेक मुलं जुकूला जातात, म्हणजे क्लासला, आणि फुकट शाळेचे वाचलेले पैसे तिथे जायला लागतात. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा सलग कोर्स आहे, थेट दहावीत प्रवेश सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे परत जायचं तर नववीच्या आधी. आणि तिचं इंग्रजी? घरी बोलते, पण इंग्रजीतून विज्ञानाचं उत्तर लिहायला सांगितलं तर अडते. मराठी बोलते छान, वाचते हळूहळू. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणजे पुण्यातल्या सीबीएसई शाळेतही मराठीचा पेपर आहेच. टोकियोतल्या कुठल्याही शाळेत मराठी विषय म्हणून मिळेल या आशेवर राहू नका, ते घरीच करायचं आहे, आणि परतायचं असेल तर वाचन-लेखनासकट करायचं आहे. मुलीसाठी आता आमचा परतीचा विचार जवळजवळ संपलाय, ती इथेच हायस्कूल करणार, आणि हे आम्ही ठरवलं त्यापेक्षा सात वर्षांपूर्वीच्या वॉर्ड ऑफिसातल्या त्या एका अर्जानं ठरवलं असं मला वाटतं.

सुट्ट्यांचा मुद्दा लहान वाटतो पण दरवर्षी जाणवतो. जपानी शाळेला मोठी सुट्टी जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास ते ऑगस्टअखेर, म्हणजे गावाला जायचं ते भर पावसात, आंबे कधीच मिळत नाहीत, गणपती मिळाला तर मिळाला. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले आणि आम्हाला दीड दिवसाचं विसर्जन करून धावत यावं लागलं. पाश्चात्त्य शाळांची सुट्टी जूनच्या मध्यापासून असते, शेवटचे आंबे तरी मिळतात.

आता माझं मत विचारलंत तर असं सांगेन. दोन-तीन वर्षांसाठी येताय आणि परत जायचंय, तर भारतीय शाळा. अपवाद एकच, मूल बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत असेल तर दोन वर्षं जपानी शाळेत घालून परत न्यायला काहीच हरकत नाही, फक्त इंग्रजी आणि मराठी वाचन घरी सोडू नका. पाच वर्षांच्या पुढे राहण्याची खरी शक्यता असेल आणि मूल पहिली-दुसरीत असेल तर जपानी सरकारी शाळा, निर्धास्तपणे. मूल चौथीच्या पुढे असेल तर भारतीय शाळा, आणि जपानीसाठी संध्याकाळी फुटबॉल, ज्युदो, ड्रम, काहीही, पण जपानी मुलांमध्ये मिसळायला लावा, आम्ही मुलाच्या बाबतीत हे उशिरा केलं. तिसरी-चौथीची मुलं सीमेवर असतात, तिथे मुलाचा स्वभाव बघा, चुका करत बोलायला न लाजणारं मूल तरून जातं. आणि मूल आठवीत असेल तर बारावी कुठे करणार हे आधी ठरवा, मग देश बदला. मेडिकलचा विचार असेल तर अकरावी-बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, आयबीत विषय निवडताना हे निसटतं.

जपानी व्यवस्थेवर विश्वास ठेवायला मन धजत नसेल तर आपल्यातल्याच योगेंद्र पुराणिकांकडे बघा, २०१९ मध्ये ते एदोगावाच्या वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले, पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आपल्या माणसांसाठी इथली दारं बंद नाहीत.

शेवटची एक कामाची गोष्ट. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. रस्त्याच्या या बाजूची इमारत एका शाळेत, समोरची दुसऱ्या शाळेत, आणि परदेशी मुलांसाठी जपानीचा वेगळा वर्ग सगळ्या शाळांत नसतो. त्यामुळे एजंट चांगला फ्लॅट दाखवतोय म्हणून सही करू नका, आधी वॉर्ड ऑफिसच्या शिक्षण विभागात जाऊन तो पत्ता कुठल्या शाळेला जातो आणि तिथे भाषेचा वर्ग आहे का हे विचारा. बरोबर जपानी बोलणारं कुणी नसेल तर मला कळवा, मंगळवारी सकाळी मी मोकळी असते.