जिमच्या 'वेट लॉस पॅकेज'मध्ये असं फसवतात, पैसे देण्याआधी वाचा

सोलापुरात सध्या गल्लोगल्ली जिम झाल्यात. 'तीन महिन्यांत 12 किलो, गॅरंटी' असं कोणी सांगितलं तर आधी हे वाचा.

माझ्याकडून अशाच एका ठिकाणी पर्सनल ट्रेनिंगचे 18,000 रुपये रोख घेतले. पावती 'उद्या देतो ताई' म्हणत कधी दिलीच नाही. पहिलं वजन केलं संध्याकाळी, खाणंपिणं झालेलं, जीन्स आणि बुटांसकट. पुढचं केलं सकाळी, उपाशीपोटी, अनवाणी. एवढ्यानंच काटा दीड-दोन किलोनं खाली येऊ शकतो. त्यात भाकरी आणि भात पहिल्या दिवसापासून बंद. कर्बोदकं तोडली की शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा आटतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी निघून जातं. सुरुवातीला गेलं ते बरंचसं हे पाणी. तो आकडा 'चरबी गेली' म्हणून ग्रुपवर टाकला आणि त्याच जोरावर पुढचं पॅकेज आणि लेबल नसलेल्या डब्यातली पावडर गळ्यात मारायला बघितली.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो व्यायामाचा. रोज नवीन काहीतरी. आज दोरी, उद्या मशीन, परवा बॉल. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'स्नायूंना गोंधळात टाकावं लागतं.' किती वजन, किती रेप्स (एका दमात किती वेळा), कुठे नोंद नाही. नोंदच नसली तर ताकद वाढली की घटली हे कळणार कसं? आणि रोजचा व्यायाम फक्त ट्रेनरलाच माहीत, म्हणजे त्याला सोडून जाताही येत नाही. एरवी सहज सरकवायचे ती गॅसची टाकी हलेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की वजनाबरोबर अंगातली ताकदही चाललीय.

कमी खाल्लं की शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरतं. ते टिकावेत म्हणून वजन उचलायचं. त्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि मोजके व्यायाम पुरतात: स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), छातीचा आणि खांद्याचा प्रेस (वजन ढकलणं), रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं). तेच महिनोन्‌महिने करायचे, वहीत लिहायचे. वजन कमी होत असताना उचलायचे आकडे हळू वाढले तरी चालतं. पण ते सतत घसरत असतील तर जेवण फारच कमी पडतंय, झोप पुरत नाही किंवा व्यायाम झेपत नाही. प्रोटीन शरीराच्या वजनाच्या दर किलोला रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम धरा. आपल्या शेंगाचटणीवर त्यासाठी भिस्त ठेवू नका; 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रोटीन असतं, पण साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. अंडी, दही, पनीर, चिकन, डाळी यांवर भर द्या.

तेव्हा पैसे देण्याआधी पहिल्या महिन्याचा व्यायाम कागदावर लिहून मागा. जो देत नाही, तिथून सरळ बाहेर पडा. पावडरीच्या डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) 14 आकडी परवाना क्रमांक नसेल तर हात लावू नका.

फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझ्याकडे पावती नाही, पण पैसे मिळाल्याचे त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत, तेच जोडून मी तक्रार केलीय. तुमच्याकडूनही असेच रोख पैसे घेतले असतील तर चॅट अजिबात डिलीट करू नका.