शास्त्रीय संगीत नव्याने ऐकणाऱ्यांसाठी रेकॉर्डिंग्ज: बरेच महिने रोज ऐकल्यानंतरचा अनुभव

बरेच महिने झाले, रोज ठरवून हिंदुस्थानी शास्त्रीय ऐकतोय, आणि आता कोणी 'सुरुवात कुठून करू' असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकड्यांच्या, जमान्यातली वीस-पंचवीस मिनिटांची रेकॉर्डिंग्ज घ्या आणि एखाद्या रागाला चिकटून राहा, तास-सव्वा तासाच्या मैफिली नंतर. एलपीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं, त्यामुळे आलाप, बोल, ताना सगळं कलाकाराला त्यातच बसवावं लागायचं, आणि त्याचा नवख्या माणसाला खूप फायदा होतो, राग सुरू कसा झाला, फुलला कसा हे एका बैठकीत कळतं, लक्ष भरकटायच्या आत.

गायकी एकदम जड वाटत असेल तर 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ ची रेकॉर्ड, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. कल्पना अशी की एका मेंढपाळाचा अख्खा दिवस रागांमधून उभा करायचा, म्हणून पहाटेच्या अहिर भैरवपासून पुढे पुढे वेळेप्रमाणे राग येतात. काही जाणकार हिला हलकंफुलकं म्हणून बाजूला टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. यातला भूप राग ऐका, दोन-चार दिवसांत गुणगुणायला लागाल.

आणि तो तोंडात बसला की लगेच किशोरी आमोणकरांचा भूप लावा. मला विचाराल तर सगळ्या यादीतून एकच रेकॉर्ड निवडायची झाली तर ही. भूपात स्वर पाचच, सा रे ग प ध, मध्यम नाही निषाद नाही, म्हणून नवीन माणूस हरवत नाही. आधी विलंबितात, म्हणजे संथ लयीत, 'प्रथम सूर साधे'. इथे घाई करू नका, ताई गंधारावर (ग) येऊन थांबतात ना, तेवढ्याकडेच लक्ष द्या, दर वेळी वेगळ्या वाटेने येतात, कधी रिषभावरून (रे) हळूच वर, कधी पंचमावरून (प) खाली, आणि प्रत्येक वेळी तो गंधार नवा वाटतो. मग द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, 'सहेला रे'. तीनताल आहे, बोटांवर सोळा मात्रा मोजत ऐका, थोड्या दिवसांत सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे येणार ते आधीच कळायला लागतं आणि मान आपोआप हलते. मला तरी खरी गोडी इथेच लागली.

भूप पक्का झाला की कोणाचाही देसकार राग ऐका. स्वर तेच पाच, पण इथे जोर धैवतावर (ध) आणि गाणं सप्तकाच्या वरच्या स्वरांत जास्त फिरतं, आणि वेळ सकाळची. दोन्ही पाठोपाठ ऐकले की राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नाही हे कानालाच समजतं, कोणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

वेळच नसेल तर ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या, तीन-साडेतीन मिनिटांचा मामला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी 'पिया बिन नाही आवत चैन' नक्की ऐका, हीच तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला. खरखर आहे, पण कान लवकर सरावतो.

ॲपवर ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा, प्लीज. विलंबित आणि द्रुत बऱ्याचदा वेगवेगळे ट्रॅक असतात आणि मध्येच भलतंच काही वाजलं की रंगाचा बेरंग. 'झोपेसाठी', 'ध्यानासाठी' असल्या प्लेलिस्टही नकोत, बऱ्याच ठिकाणी कलाकाराचं नाव धड नसतं, रागाचं तर सोडाच. इअरफोन मात्र बरे घ्या, तानपुरा नीट ऐकू आला पाहिजे, त्याशिवाय सूर लागला म्हणजे काय ते कळत नाही.

अमीर खाँसाहेबांचा मारवा राग सगळेच सुचवतात, मीही सुचवेन, पण पहिल्याच दिवशी नाही. मारव्यात पंचम नाही, षड्जावर (सा) टेकणंही टाळलेलं, कोमल रिषभ आणि धैवतावरच सगळा मुक्काम, त्यामुळे नवख्याला नुसतं अस्वस्थ वाटतं आणि तो बंद करून टाकतो. त्याच एलपीच्या दुसऱ्या बाजूला दरबारी रागाची रेकॉर्ड आहे, ती आधी लावा. मारवा महिन्याभराने.