शौचातून पडणारी ती 'दोरी' चूर्णाचीच असते

पोटात अधूनमधून कळ येते, कधी जुलाब होतात, कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. अशात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शंका मनात शिरली की माणूस धास्तावतो. नेमकं त्याच वेळी 'आतडं शुद्ध करणारा' कोर्स विकणारे त्याला गाठतात. बोलणं ठरलेलं असतं: आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटलाय, त्याचाच पुढे कॅन्सर होतो, चूर्ण घ्या, मळ पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघाल.

आणि तो खरंच दिसतो. फसवणूक पक्की बसते ती इथेच. काही दिवसांत शौचातून रबरासारखी लांब, काळपट दोरी पडते. आता पुडीवरचे घटक वाचा. बहुतेकदा त्यात इसबगोल आणि बेंटोनाइट माती असते. इसबगोल पाणी शोषून बुळबुळीत होतो, माती फुगते, आणि दोन्ही मिळून आतड्यातून सरकताना त्याच्याच आकाराची वळकटी तयार होते. म्हणजे जे विकलं तेच बाहेर पडतं. आतड्याच्या आतल्या थराच्या पेशी साधारण आठवडाभरात बदलतात, तिथे वर्षांचा मळ चिकटून राहणार कुठे? दुर्बिणीने तपासताना साफ केलेल्या आतड्याची भिंत गुलाबी, चकचकीत दिसते.

अनेक चूर्णांत सोनामुखी ही जुलाब करवणारी वनस्पतीही असते. तिने आतडं जोराने आकुंचन पावतं, मुरडा येतो. विक्रेता सांगतो, 'विष निघतंय'. जुलाब लांबले की शरीरातलं पोटॅशियम घटतं, अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांना हा धोका जास्त. इसबगोल कमी पाण्यात घेतला तर अडकतो. आणि गाठीमुळे आतडं आधीच अरुंद झालेलं असेल तर ते पूर्ण बंद पडू शकतं. ज्याला खरोखर कॅन्सर आहे त्याच्यासाठी हे चूर्ण सर्वांत घातक ठरतं.

दुसरा सापळा रक्ताच्या 'सीईए' चाचणीचा. काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचं ती प्रमाण मोजते. कोर्सआधी आणि नंतर आकडा दाखवून 'बघा, उतरला' म्हणतात. हा आकडा धूम्रपानाने, यकृताच्या आजाराने, आतड्याच्या सुजेनेही चढतो आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा नॉर्मलच येतो. निदान झालेल्या रुग्णावर उपचारानंतर लक्ष ठेवायला तो वापरतात. एवढ्यावरून कॅन्सर आहे किंवा नाही, कुणीही सांगू शकत नाही.

पैसे गेले त्याहून वाईट म्हणजे महिने जातात. शौचातून रक्त, कारण न कळणारं कमी हिमोग्लोबिन, आपोआप घटणारं वजन, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, यांतलं काहीही असेल तर चूर्ण नको, कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने तपासण्याबद्दल, डॉक्टरांना विचारा. रक्त लाल आहे म्हणजे मूळव्याधच, हे घरी ठरवू नका. आतड्यातला पॉलिप, म्हणजे आतल्या थरावर वाढलेला कोंब, कॅन्सर होण्याआधी त्याच दुर्बिणीतून तारेच्या फासाने काढता येतो. कुठल्याही पुडीने तो गळून पडत नाही.

कोर्स आधीच घेतला असेल तर लाजू नका. आज बंद करा, पुडी सोबत न्या, किती दिवस किती मात्रेत घेतलं ते डॉक्टरांना सांगा आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायची गरज आहे का ते विचारा.